एका शस्त्रक्रियेला ग्लोव्हजच्या किती जोड्या धरता?

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जळगाव, धुळे आणि नंदुरबार
मा. अधिष्ठाता, तिन्ही जिल्ह्यांतली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण, मुंबई

विषय: शस्त्रक्रियागृहात दुहेरी ग्लोव्हजचा पुरवठा नियमित करण्याबाबत

सर, मॅडम, सविनय नमस्कार.

मी खान्देशातल्या सरकारी रुग्णालयांत ऑपरेशन थिएटर सांभाळत आलेली परिचारिका आहे. जिथं जिथं काम केलं तिथं ग्लोव्हजचा इंडेंट (मागणीपत्र) मी एकाच पद्धतीनं भरलेला पाहिला आणि स्वतःही तसाच भरला: महिन्याच्या शस्त्रक्रिया, गुणिले स्क्रब होणारी (हात निर्जंतुक करून शस्त्रक्रियेत उतरणारी) माणसं, गुणिले एक जोडी. वर थोडं जास्तीचं धरायचं, कारण घालतानाच काही फाटतात. माझं मुख्य मागणं या गुणाकारातल्या शेवटच्या आकड्याबद्दल आहे. तिथं एकाच्या जागी दोन लिहा. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते.

ग्लोव्ह टरकला तर कळतो. सुई चांगलीच टोचली, रक्त आलं, तरी कळतं. पण शस्त्रक्रियेच्या दरम्यान पडणारी बहुतेक भोकं यापैकी कशातच बसत नाहीत. ती कळतच नाहीत आणि कळत नाहीत म्हणून कुठल्याही रजिस्टरात चढत नाहीत. खात्री करून घ्यायची असेल तर आपल्यापैकी कुणीही एकदा थिएटरमध्ये येऊन बघावं. शस्त्रक्रिया संपल्यावर काढलेला ग्लोव्ह लाल पिशवीत टाकण्याआधी नळाखाली धरायचा. अर्थात आपल्या हातात दुसरे ग्लोव्हज हवेत आणि डोळ्यांवर चष्मा. आत साधारण लिटरभर पाणी सोडलं की रबर दुधी भोपळ्यासारखं लोंबायला लागतं. वरचं तोंड पिळून घट्ट धरायचं आणि एकेक बोट हलकं दाबत जायचं. अंगठा कोरडा, मधलं बोट कोरडं, करंगळी कोरडी. मग डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाशी, नखाच्या जरा खाली, पाण्याची केसाएवढी बारीक धार सरळ बाहेर उडते. ज्या डॉक्टरांचा तो ग्लोव्ह होता ते तोवर हात धुऊन ऑपरेशन नोट्स लिहायला बसलेले असतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मला तर काही लागलं नाही."

डावी तर्जनीच का, हे थिएटरमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उजव्या हातात नीडल होल्डर (सुई पकडायचा चिमटा) असतो. डावं बोट ऊतक धरून ठेवतं, सुईचं टोक पलीकडून कुठं निघतंय ते चाचपतं. सिझरमध्ये गर्भाशय शिवताना रक्ताखाली काही दिसत नसतं, तेव्हा तर ते बोटच डोळ्याचं काम करतं. डॉक्टर डावखुरे असतील तर हीच गोष्ट उजव्या हाताला. आम्हा स्क्रब नर्सेसचे ग्लोव्हज सुई भरताना आणि ब्लेड काढताना जातात.

कारखान्यातही चाचणी हीच होते, 1000 मिली पाणी भरून गळती बघण्याची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सर्जिकल ग्लोव्हजच्या नमुना तपासणीत दोषांची स्वीकारार्ह पातळी 1.5 टक्के ठेवली आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या, सीलबंद, कोऱ्या मालातसुद्धा शंभरात एखादा ग्लोव्ह आधीपासून गळका निघू शकतो. वापरात यात किती भर पडते, तेही मोजलेलं आहे. जर्मनीतल्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड तासाच्या आत उतरवलेल्या ग्लोव्हजपैकी सुमारे 15 टक्क्यांना, तर अडीच तासांहून जास्त वापरलेल्यांपैकी सुमारे 24 टक्क्यांना बारीक भोकं आढळली. तिथला माल चांगला, साठवण चांगली, थिएटर थंड. तरी हे आकडे.

दोन जोड्या घातल्या तर काय होतं, याचंही उत्तर आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात 34 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. एकेरी ग्लोव्हजच्या तुलनेत दुहेरीत आतल्या ग्लोव्हला भोक पडण्याचं प्रमाण 71 टक्क्यांनी कमी झालं आणि कातडीला रक्त लागण्याचं 65 टक्क्यांनी. वैद्यकशास्त्रात इतक्या साध्या उपायाचा इतका स्पष्ट फायदा क्वचितच दिसतो. शिवाय सुई दोन थरांतून आत आलीच, तरी तिच्यावरचं बरंचसं रक्त रबरालाच पुसलं जातं.

आता रंगाबद्दल. आतला ग्लोव्ह गडद हिरवा किंवा निळा आणि वरचा नेहमीचा फिका असेल, तर वरच्याला भोक पडल्याबरोबर ओल आत शिरते आणि तिथं गडद डाग उमटतो. काही दिवस आम्हाला असे ग्लोव्हज मिळाले होते. रात्रीचं सिझर चालू होतं, बाळ बाहेर येऊन रडलेलं, गर्भाशयाचा पहिला थर शिवत आलेला. मला डॉक्टरांच्या डाव्या तर्जनीवर तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला. मी म्हटलं, "सर, बोट." त्यांनी बघितलं, नीडल होल्डर किडनी ट्रेमध्ये ठेवला, वरची जोडी काढली. मी नवी उघडून धरली, त्यांनी हात घातले आणि पुढचा टाका घेतला. या सगळ्याला एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. आतला ग्लोव्ह शाबूत होता. एकेरी ग्लोव्हज असते तर ते भोक शेवटच्या टाक्यापर्यंत तसंच राहिलं असतं आणि बाईचं रक्त डॉक्टरांच्या बोटाला लागत राहिलं असतं. ते खोकं संपलं, पुन्हा आलं नाही. इंडेंटवर "रंगीत" हा शब्द लिहिला की स्टोअरमधून विचारणा येते, ही चैन कशाला?

ही चैन नाही. सातपुड्यातून रात्री-अपरात्री 108 मधून येणारी बाई तपासण्यांची फाईल घेऊन येतेच असं नाही. कधी ती ऊसतोडीहून परतलेली असते, कधी सगळं गरोदरपण गुजरातेत मजुरीवर गेलेलं असतं. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची तपासणी), एचआयव्ही, काहीच ठाऊक नसतं आणि बाळाचे ठोके घसरत असतात. रिपोर्टसाठी थांबणार कोण? आणि थांबावं कशाला? प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य समजून काम करायचं, हेच आम्हाला शिकवलं आहे. त्या शिकवणीसाठी लागणारं साहित्य देणं हे आपलं काम आहे.

दूषित सुई टोचल्यावर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हिपॅटायटिस सी साठी हा आकडा पूर्वापार शंभरात तीनच्या आत सांगितला जातो, एचआयव्हीसाठी हजारात तीन. एचआयव्हीचं नाव काढलं की सगळे दचकतात, पण खरा धोका बी चा आहे. तो विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो आणि त्याचा आकार 42 नॅनोमीटर, म्हणजे आपल्याला दिसणारं बारीकात बारीक भोकही त्याला राजरस्ता आहे. त्याच्यावर लस आहे, स्वस्त आहे, तीन डोसांत काम होतं. मग ती सगळ्यांना मिळाली आहे का?

डॉक्टरांना मिळाली आहे, बहुतेक सिस्टरांनाही. पण थिएटरमधल्या मावशी आणि मामांना? शस्त्रक्रियेनंतर रक्तानं भरलेली आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचे चिमटे), कात्र्या, रिट्रॅक्टर धुतं कोण? ड्रेपच्या (रुग्णावर पसरायच्या कापडाच्या) घडीत विसरलेली सुई कुणाच्या तळव्यात जाते? कंत्राटी सफाई कामगार सहा महिन्यांनी बदलतात, एजन्सी बदलते, लसीचा दुसरा डोस बाकी असतानाच माणूस निघून जातो. 2016 च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयाची जबाबदारी आहे. "कंत्राटी सोडून" असं त्यात कुठंही नाही. एका मावशीला मी साध्या तपासणीच्या ग्लोव्हजमध्ये ब्लेड धुताना अडवलं, तर म्हणाली, "काही व्हत नही, ताई." तिला दोष देऊन काय उपयोग? जाड रबरी, कोपरापर्यंतचे धुण्याचे ग्लोव्हज थिएटरच्या सिंकपाशी कधी आलेच नाहीत, तर तिनं काय घालायचं? तेही इंडेंटमध्ये धरा. ते धुऊन पुन्हा वापरता येतात, त्यांचा खर्च नगण्य आहे.

ग्लोव्हजमुळे रुग्णाचंही रक्षण होतं, हे तर उघडच आहे. कितीही घासून हात धुतले तरी ग्लोव्हच्या आतल्या उबेत कातडीवरचे जंतू पुन्हा वाढतात आणि भोकातून जखमेत उतरू शकतात. स्वित्झर्लंडमध्ये बाझलला झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आधी अँटिबायोटिक न दिलेल्या रुग्णांमध्ये ग्लोव्ह फाटल्यावर जखम पिकण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं दिसलं. अँटिबायोटिक दिलेल्यांत तसा फरक ठरला नाही. दुहेरी ग्लोव्हज घातले म्हणून जखमा पिकायच्या थांबतील, असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही तसं म्हणत नाही. माझा मुद्दा काम करणाऱ्या हातांचा आहे, आणि तो एवढ्यावर उभा राहतो. सर्जिकल ग्लोव्हजचा जन्मही हातांसाठीच झाला होता. 1889-90 च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशकानं सोलवटून निघायला लागले, तेव्हा शल्यचिकित्सक हाल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे बनवून घेतले. रुग्णाला त्यांचा फायदा होतो हे नंतर लक्षात आलं.

आता खान्देशाच्या उन्हाबद्दल बोलायलाच हवं, कारण मुंबईत बसून केलेल्या खरेदीत हे ध्यानात येत नाही. लॅटेक्सला उष्णता, ऊन आणि ओझोन मानवत नाही. खोक्यावर छापलेलंच असतं की थंड, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. आमच्याकडची बरीच स्टोअर पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून आहेत. दुपारी तीन वाजता आतल्या लोखंडी रॅकला हात लावून बघा. तिथं दोन उन्हाळे काढलेलं खोकं उघडलं की बोटं एकमेकांना चिकटलेली निघतात, मनगटाची किनार ताणल्याबरोबर चिरते. मुदत संपायला अजून वर्ष असतं, त्यामुळे कागदावर माल चांगला. मग एका सिझरला तीन-तीन जोड्या उघडायच्या, दोन घालतानाच जातात, तिसरी टिकते. ती टिकली म्हणजे चांगली आहे असं नाही, फक्त आम्हाला दिसेल इतकी फाटलेली नाही. मार्चमध्ये वर्षअखेरीचा निधी संपवायचा म्हणून एकदम मोठी खरेदी होते आणि ती बरोबर उन्हाळ्याच्या तोंडावर स्टोअरमध्ये येऊन पडते. पुरवठा तिमाहीत विभागून द्या. लस ठेवायच्या खोलीशेजारी, निदान उत्तरेच्या बाजूची, कूलर चालेल अशी एक खोली ग्लोव्हज आणि टाक्यांच्या सुतासाठी ठेवा. आधी आलेला माल आधी बाहेर काढा. खरेदीचा एक रुपयाही न वाढवता यातला अर्धा त्रास कमी होईल.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास घामाचा. एसी बंद पडला की दुहेरी ग्लोव्हजमध्ये हात अक्षरशः शिजतात. त्यात तासन्‌तास उभं राहायला मी कुणाला सांगणार नाही. दर तासा-दीड तासानं वरची जोडी बदलली तर हाताला थोडी मोकळीक मिळते आणि नव्या ग्लोव्हची खात्रीही. पण म्हणूनच एसीची दुरुस्ती ही थिएटरच्या सुरक्षेची बाब आहे, सोयीची नव्हे.

डॉक्टर मंडळींची तक्रार मला माहीत आहे: बोटांना जाणवत नाही. पहिले काही दिवस खरंच जड वाटतं. मग हात सरावतो. पण त्यासाठी साईज हवी. आतली जोडी अर्ध्या नंबरानं मोठी घेतली की अनेकांना बरं वाटतं, कुणाला वरची मोठी सोयीची पडते. प्रत्येकानं आपली जुळणी शोधायची असते आणि शोधायला 6 पासून 8 पर्यंत सगळे नंबर रॅकवर हवेत. आमच्याकडे 7 आणि साडेसातचे ढीग येतात. माझ्यासारख्या सहाच्या हाताच्या बाईनं साडेसात घातला की बोटांच्या टोकाशी रबराची घडी लोंबते, ती आर्टरी फोर्सेप्सच्या दात्यांत अडकते आणि तिथंच फाटते. म्हणजे चुकीचा नंबर हाच भोकाचं कारण. प्रत्येक थिएटरकडून स्क्रब होणाऱ्यांचे हातांचे नंबर मागवा. एका पानाचं काम आहे.

ग्लोव्हजवर सगळा भार टाकूनही चालणार नाही. पोटाची फॅशिया (स्नायूंवरचं घट्ट आवरण) आणि स्नायू शिवताना बोथट टोकाची सुई वापरली तर ग्लोव्हला भोक पडण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी घटतं, हे कॉक्रेनच्याच 2011 च्या आढाव्यात आहे. 2012 मध्ये अमेरिकेच्या तीन सरकारी संस्थांनी मिळून याच सुया वापराव्यात असं आवाहन केलं. आमच्या सुताच्या यादीत ही सुई मी कधी पाहिलेली नाही. आणि धारदार वस्तू हातातून हातात देण्याऐवजी किडनी ट्रेमध्ये ठेवून द्यायची-घ्यायची, याला तर पैसेही लागत नाहीत. पण ते एकट्या सिस्टरनं म्हणून होत नाही. सर्जननं ठरवावं लागतं, आणि सर्जननं ठरवावं म्हणून आपण लेखी सांगावं लागतं. कनिष्ठ परिचारिका वरिष्ठ डॉक्टरांना "सर, सुई ट्रेमध्ये ठेवा" असं म्हणू शकेल, असं वातावरण सगळीकडे नाही.

एवढं करूनही सुई टोचणारच, कधी ना कधी. तेव्हा पीईपीचा, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या औषधांचा, पहिला डोस जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हायला हवा, मग 28 दिवस पूर्ण. एका ठिकाणी रात्री माझ्या सहकारी सिस्टरला सुई लागली तेव्हा गोळ्या रुग्णालयातच होत्या, कुलपात. किल्ली फार्मासिस्टकडे, फार्मासिस्ट गावी. सकाळी दहाला पहिली गोळी मिळाली. ती रात्र तिनं ड्युटी रूमच्या बाकावर बसून काढली. घरी नवऱ्याला फोन करावा की नाही, हेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिच्या नशिबानं पुढं सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पण धडगावहून चांदसैली घाट उतरून जिल्ह्याला यायचं असेल, आणि पावसात घाटात दरड आली असेल, तर दोन तासांचं काय होणार? एचआयव्ही आणि एड्स कायदा, 2017 च्या कलम 19 नुसार संसर्गाचा धोका असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेनं कर्मचाऱ्यांना संरक्षक साधनं, त्यांच्या वापराचं प्रशिक्षण आणि पीईपी पुरवणं बंधनकारक आहे. पहिल्या डोसाचं पाकीट थिएटरच्या इमर्जन्सी ट्रॉलीत ठेवा. नोंद इन्चार्ज सिस्टरच्या सहीनं होऊ द्या.

खर्चाचा प्रश्न येईलच. सिझरमध्ये वापरल्या जाणाऱ्या विरघळणाऱ्या सुताच्या एका पाकिटापेक्षा ग्लोव्हजची जोडी स्वस्त असते. सूत कमी पडलं तर रुग्ण कल्याण समितीतून त्याच दिवशी लोकल पर्चेस होतं, कारण त्याच्याशिवाय पोट बंद होत नाही. ग्लोव्हज कमी पडले तर एका जोडीवर भागवलं जातं, कारण भागतं. मी शिकत होते तेव्हा वापरलेले ग्लोव्हज धुऊन, दोरीवर वाळवून, फुंकर मारून भोक तपासून, पावडर लावून पुन्हा ड्रममध्ये ऑटोक्लेव्हला (वाफेनं निर्जंतुक व्हायला) जायचे. तेव्हाही भागतच होतं. ती पद्धत आपण मोडून काढली, कारण वरून लेखी आदेश आला आणि पाठोपाठ माल आला. पावडरचे ग्लोव्हजसुद्धा आता बंद करायची वेळ आली आहे. ती पावडर पोटात राहिली तर गाठी आणि चिकटे धरतात, म्हणून अमेरिकेनं जानेवारी 2017 पासून त्यांच्यावर बंदी घातली. नव्या निविदेत "पावडरविरहित" एवढा एक शब्द घाला.

तर माझी विनंती अशी. येत्या इंडेंटपासून प्रत्येक स्क्रब व्यक्तीमागे, प्रत्येक शस्त्रक्रियेला ग्लोव्हजच्या दोन जोड्या धरण्याचा लेखी आदेश काढा. सगळीकडे एकदम जमत नसेल तर प्रसूतीच्या आणि हाडांच्या शस्त्रक्रियांपासून सुरुवात करा, कारण एकीकडे रक्त जास्त आणि दुसरीकडे तारा, ड्रिल आणि हाडांची टोकं. आतली जोडी रंगीत द्या. आदेशासोबत ऑपरेशन रजिस्टरमध्ये एक नवा रकाना छापा: "ग्लोव्ह फाटला का, कुठला हात, कुठलं बोट, कितव्या मिनिटाला बदलला". तो भरायची आमची तयारी आहे. आठवड्यातून एक दिवस उतरवलेले सगळे ग्लोव्हज पाण्यानं तपासायचीही तयारी आहे, फक्त त्या दिवसाला एक जादा माणूस द्या. वर्षभरानं तिन्ही जिल्ह्यांचे आकडे आपल्या टेबलावर असतील, आणि पुढच्या वर्षीचा इंडेंट किती जोड्यांचा हवा ते त्या आकड्यांवरून ठरवता येईल.

आपली नम्र,
शस्त्रक्रियागृह परिचारिका,
खान्देश